पिशवी दाखवा

आमच्या चपलांच्या कपाटावरच्या खणात एक चिठ्ठ्यांचं पुस्तक आहे. पावतीपुस्तकासारखंच, मधे कार्बन घालायचं. वर सोसायटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक, खाली चार ओळी: फ्लॅट नंबर, कामगाराचं नाव, दिलेल्या वस्तूचं वर्णन, सभासदाची सही. धुणंभांडी, पोळ्या, केर-फरशी करायला येणाऱ्या बायका परतताना हातात काही घेऊन निघाल्या, की ही चिठ्ठी गेटवर द्यावी लागते. जुनी साडी असो, उरलेली भाजी असो, रद्दी असो. चिठ्ठी नसेल तर वॉचमन इंटरकॉम करतो, आणि वर कोणी तो उचलेपर्यंत बाई केबिनपाशी उभी राहते.

गेल्या मार्चमध्ये आमच्याकडच्या मावशी अशा पाऊण तास उभ्या होत्या. बायकोने त्यांना जुना पाच लिटरचा कुकर दिला होता, नवी रिंग आणि नवी शिट्टी घालून. चिठ्ठी लिहायची राहिली. आम्ही दोघं नाटकाला निघून गेलो. गाडीच्या डिकीत दोन भल्यामोठ्या पिशव्या होत्या, लेकीकडे द्यायच्या. गेटवर वॉचमनने सलाम केला, दांडा वर गेला, आम्ही बाहेर. नाट्यगृहात फोन बंद. मध्यंतरात सुरू केला तर गेटवरून सात कॉल येऊन गेलेले. मावशींचं पुढचं काम शेजारच्या सोसायटीत, एकट्या राहणाऱ्या एका आजींना रात्रीची भाकरी करून द्यायचं. ते हुकलं. आजींनी दूध-पोहे खाल्ले आणि मावशींचा खाडा लावला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "मावशी, चुकलंच आमचं."

"राहू द्या काका. नियम तो नियम." आणि त्या भांड्यांकडे वळल्या.

तो नियम ज्या कागदावर आहे त्याच्या तळाशी माझी सही आहे. सचिव म्हणून.

(जाता जाता: मावशी माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान आहेत. मी त्यांना मावशी म्हणतो, त्या मला काका म्हणतात. आमच्या इमारतीत सहा वर्षांच्या पोरापासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत सगळ्यांच्या त्या मावशीच. इतक्या जणांची मावशी असलेल्या बाईची पिशवी रोज संध्याकाळी उघडून बघितली जाते.)

हा नियम कसा आला ते सांगतो, कारण सोसायटीत चोरी झाली असेल असं कोणालाही वाटेल. तशी चोरी झालेली नव्हती. बारा वर्षांत आमच्याकडे हरवलं म्हणून नोंदलेलं सामान म्हणजे दोन सायकली आणि एक गॅस सिलिंडर, आणि तीनही वेळा जिन्याखालून, रात्री. कामाच्या बायका रात्री नसतात. झालं होतं ते एवढंच, की ग्रुपवर कुठल्यातरी दुसऱ्या सोसायटीची नियमावली फिरत आली. छान टाइप केलेली, ठळक अक्षरात, क्रमांक घातलेली. कोणीतरी लिहिलं, "आपल्याकडे हे का नाही?" त्याखाली अंगठे उमटत गेले. सभेत विषय पाच मिनिटांत संपला. पार्किंगचा विषय त्या दिवशी दीड तास चालला होता.

मी सही केली तेव्हा मला वाईट वाटलं होतं का? नाही. पटकन आटोपलं याचं बरं वाटलं.

आता त्या बायकांनी यावर काढलेला तोडगा सांगतो. आमच्या मावशींकडे पूर्वी चेनची काळी पिशवी होती. हल्ली त्या जाड पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी वापरतात, साडीच्या दुकानात ब्लँकेट-चादरी ज्यात मिळतात तसली. आतलं सगळं बाहेरून दिसतं: डबा, छत्री, चष्म्याचं घर, औषधाची पट्टी. गेट जवळ आलं की हात उंचावतात, चालणं थांबत नाही. मी हे बाल्कनीतून बघितलं. मग लक्षात आलं, की दुसऱ्या दोघीतिघींकडेही तशाच पिशव्या आहेत. मी विचारलं तर मावशी म्हणाल्या, "उघडा, दाखवा, परत बंद करा, यात बस जाते."

हात वर करून पुढे जाणं मी आधी कुठेतरी बघितलं होतं. कुठे, ते आठवायला दोन दिवस लागले.

माझं बालपण सोलापूरचं. वडील एका गिरणीत टाइमकीपर होते. आम्ही राहायचो तिथून थोड्या अंतरावर सेटलमेंट. सोलापूरबाहेरच्या वाचकाला हा शब्द कळणार नाही. सोलापूरकराला समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा केला, की काही जमाती जन्मानेच गुन्हेगार आहेत. १९११ नंतर तो देशभर लावता येईल असा झाला. पारधी, कैकाडी, भामटा, कंजारभाट, मांग-गारुडी अशांना आणून तारेच्या कुंपणात वसवायचं, हजेरी घ्यायची, बाहेर जायचं तर पास घेऊनच. मुंबई इलाख्यात या वसाहतींसाठी स्टार्ट नावाचा एक आयसीएस अधिकारी खास नेमलेला होता. सोलापूरची वसाहत त्यातली मोठी, आणि तिचा गिरण्यांना फायदाही होता, कारण कुंपणाच्या आत स्वस्त मजूर बांधून ठेवलेले. सकाळी पास घेऊन गिरणीत, संध्याकाळी परत तारेच्या आत.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. तार गेली. भटके-विमुक्तांत हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. मी शाळेत असताना आम्हाला पंधरा ऑगस्टची भाषणं पाठ होती, या तारखेबद्दल कोणी एक वाक्य सांगितलं नाही. माझा जन्म १९६६चा, म्हणजे तार जाऊन चौदा वर्षं झालेली. तरीही खेळायला निघालो की आई म्हणायची, "सेटलमेंटाकडं जाऊ नको." का, ते कधी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही. माझी आई वाईट बाई नव्हती. दारात आलेल्याला ती कधी विन्मुख पाठवत नसे. पण ते देणं दारातच संपायचं.

पाचवीत आमच्या वर्गात तिकडचा एक मुलगा होता. उंच, गोरा, गणितात बरा. वर्गात कंपास हरवली, पेन हरवलं, कोणाचे चार आणे हरवले, की गुरुजी म्हणायचे, "सगळ्यांनी दप्तरं काढा." म्हणायचे सगळ्यांनी, पण सुरुवात त्याच्यापासून व्हायची आणि बहुतेक वेळा तिथेच संपायची. पुढे पुढे त्याने काय करायला सुरुवात केली, तर कोणी "माझं पेन" एवढं म्हणायचा अवकाश, हा स्वतःच उठायचा, दप्तर घेऊन टेबलापाशी जायचा आणि गुरुजींनी काही म्हणायच्या आत ते उलटं करायचा. वह्या, पाटी, पेन्सिलीचे तुकडे. मग सगळं भरून जागेवर येऊन बसायचा. चेहऱ्यावर राग नाही, रडू नाही. एखादं काम उरकून यावं तसा.

आम्ही हसायचो. मला आठवतं तसं मीही हसायचो.

सातवीत तो शाळेत नव्हता. गुरुजी म्हणाले, "त्यांच्यात शिकत नाहीत."

आता माझ्या घरचीच एक गोष्ट, म्हणजे मी वरून खाली बघत बोलतोय असं वाटायला नको. आजी राहायची सांगोला तालुक्यात, कोरडवाहू गावी. १९७२चा दुष्काळ पडला तेव्हा मी सहा वर्षांचा. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही गावी गेलो तर घरात दिवसा कोणी नाही. आजी, चुलती, दोन्ही चुलते सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला. डोक्यावर ओलं फडकं, हातात हातोडी, पायाला चिंध्या गुंडाळलेल्या. मुकादमाचं मस्टर, त्यावर अंगठा. कामावर सुकडी नावाचा कोरडा खाऊ मिळायचा, त्याचा वास अजून नाकात आहे. आणि रेशनवर मिळायचा मिलो, अमेरिकेतून आलेला तांबडा ज्वारीसारखा दाणा. आमचा भाग मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचा, पांढरीशुभ्र भाकरी खाणारा. त्या लोकांना तांबड्या मिलोची भाकरी खाणं म्हणजे पोटापेक्षा तोंडाला काळं फासल्यासारखं. कोणी पाहुणा अंगणात आला की आजी चुलीपुढच्या भाकऱ्यांवर परात पालथी घालायची. पाहुण्याच्या घरीही मिलोच शिजत असणार. तोही आपल्या घरी परात पालथी घालत असणार. सगळं गाव एकच दाणा खात होतं आणि सगळं गाव तो झाकत होतं.

पण त्याच गावात विहिरीला थोडं पाणी टिकलेली चार घरं होती, आणि त्यांच्या ओट्यावर बोललं जायचं, की सरकारने लोकांना आळशी केलं. बसल्या जागी मजुरी मिळते, आता शेतावर कोण येणार? बसल्या जागी खरंच, कारण खडी बसूनच फोडतात. मे महिन्यात, उघड्या माळावर. आजीच्या डाव्या डोळ्याजवळ कपचीचा व्रण होता, तो शेवटपर्यंत होता.

त्याच दुष्काळातल्या कामांमधून विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला. काम मागेल त्याला काम द्यायला सरकार बांधील, असं या देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने लिहून दिलं. २००५चा देशाचा कायदा त्यानंतरचा. मला याचा अभिमान आहे, आणि तो बोलून दाखवायला संकोच वाटत नाही. पण आमच्या मध्यमवर्गाने त्या योजनेची आठवण काय ठेवली? "रोजगार हमी, अर्धं तुम्ही अर्धं आम्ही." ही म्हण साहेब आणि मुकादमाच्या संगनमतावर होती. हळूहळू ती मजुरांवर घसरली. मी बँकेत असताना एखादा शिपाई हळू काम करायला लागला की साहेब म्हणायचे, "काय रे, रोजगार हमीवर आहेस का?" मी त्यावरही हसलो आहे. आजीचा व्रण मला ठाऊक असून.

गरिबाबद्दलचा आपला राग चमत्कारिक असतो. तो गरीब नीट दिसला नाही तरी येतो आणि फार दिसला तरी येतो. हातात मोबाईल असला की, "बघा, म्हणे गरीब!" फुटपाथवर अंथरूण टाकून झोपला की, "शहराची शोभा घालवली." त्याने मध्येच कुठेतरी, स्वच्छ पण जुन्या कपड्यात, नजर खाली घालून, आपल्याला हवं तेवढंच गरीब असावं. आणि जवळ कागद असावा.

कागदाचं तर विचारूच नका. १९९९पासून आपल्याकडे रेशनकार्डाला तीन रंग आले. पिवळं कार्ड मिळवायचं तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न पंधरा हजारांच्या आत हवं. वर्षाचं. नंतर अन्नसुरक्षा कायदा आला तेव्हा शहरात ५९ हजार आणि गावात ४४ हजार अशी मर्यादा ठरली. म्हणजे शहरात महिन्याला पाच हजारही नाहीत, असं तहसील कार्यालयातून लिहून आणायचं. राजस्थानात दौसा जिल्ह्यात २०१७ साली याच्याही पुढची पायरी झाली. रेशन घेणाऱ्यांच्या घरांच्या दर्शनी भिंतींवर रंगानं लिहून टाकलं, की मी गरीब कुटुंबातला आहे आणि स्वस्त धान्य घेतो. येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावं म्हणून. मुलीला बघायला येणाऱ्यानेही ते वाचावं, हे लिहिणाऱ्याच्या मनात नसेलही. भिंत त्यांची, चुना त्यांचा, अक्षरं सरकारची.

आणि कागद नसेल तर? आपल्या राज्यात १९५९चा भीक प्रतिबंधक कायदा आहे, आणि तो अजून लागू आहे. मी तो निवृत्तीनंतर पहिल्यांदा वाचला. भीक मागणं म्हणजे काय याची त्यात व्याख्या आहे. हात पसरणं तर आलंच. पण गाणं म्हणून, नाचून, भविष्य सांगून, कसरत करून, काही विकायला पुढे करून पैसे मागणंही त्यात येतं. सगळ्यात कहर म्हणजे हे: जगण्याचं कुठलंही साधन दिसत नसताना, भीक मागूनच जगत असावा असं वाटावं अशा अवस्थेत सार्वजनिक जागी भटकणं किंवा नुसतं थांबणं, हीसुद्धा भीकच. साधन आहे की नाही हा प्रश्नच नाही. ते दिसलं पाहिजे. पोलिसांना वॉरंट लागत नाही. पहिल्यांदा सापडला तर किमान एक आणि जास्तीत जास्त तीन वर्षं भिक्षेकरी गृहात, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. हा मुंबईचा कायदा दिल्लीनेही उचलला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८मध्ये तिथे त्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. आपल्याकडे तो उभा आहे. चेंबूरचं भिक्षेकरी गृहही आहे.

पारदर्शक पिशवी आणि "दिसलं पाहिजे" हे कलम यांची मी मनात सारखी जोडी लावत बसतो. वकील मित्राला म्हणालो तर तो म्हणाला, "तू फार ताणतोस." असेल. पण गेल्या दिवाळीचंच बघा. सोसायटीत दिवाळी पहाट होती. कार्यक्रम करणाऱ्यांनी गायक-वादकांबरोबर एक वासुदेवही आणला: मोरपिसांची टोपी, अंगरखा, टाळ, चिपळ्या, झकास. पोरांनी सेल्फी काढले, बायकांनी ओवाळलं, समितीने मानधनाचा चेक दिला. त्यानंतर महिन्याभराने, मार्गशीर्षात, खरा वासुदेव गेटवर आला. मी तिथेच होतो. टोपी जुनी, मोरपिसं विरळ, पायात स्लीपर. वॉचमन म्हणाला, "कोणत्या फ्लॅटला जायचंय?" वासुदेव क्षणभर गोंधळला. त्याला सगळ्याच फ्लॅटना जायचं होतं.

वॉचमनला दोष देत नाही. तो परभणीकडचा, बारा तासांची ड्युटी, आठवड्याची सुट्टी घेतली तर पगार कापतात. त्याचीही झडती होते, एजन्सीचा सुपरवायझर येतो तेव्हा.

एका घटनेबद्दल लिहायचं मी टाळत आलो आहे, पण ती सोडून हे लिहिणं खोटं होईल. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची काही माणसं भिक्षेला आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असे मेसेज त्या दिवसांत राज्यभर फिरत होते. लोकांनी त्यांना घेरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि पाच जणांना मारून टाकलं. त्यातली बहुतेक माणसं मंगळवेढा तालुक्याकडची होती. आजीच्या गावापासून एसटीने तासा-दीड तासाचा रस्ता. त्या पट्ट्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या भिक्षेसाठी मुलूखभर फिरतात. आमच्या आजीच्या दारात त्यांच्यापैकी कोणी ना कोणी येऊन गेलेलाच असणार.

बातमी वाचली त्या रात्री मी फोनमध्ये मागे मागे गेलो. आठवडाभर आधी तसला एक मेसेज मला आला होता, टोळी, वेषांतर, सावध राहा वगैरे. मी तो सोलापूरला बहिणीला पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "काळजी घ्या, पोरांना एकटं सोडू नका." तिने हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं होतं.

तो मेसेज मी पुसला नाही. पुसून काय होणार होतं?

तर मी ठरवलं, की निदान आपल्या सहीचा नियम तरी आपण काढावा. समितीच्या बैठकीत विषय मांडला. मांडायची वेळ मात्र चुकली. लाडकी बहीण योजनेची पडताळणी सुरू होती आणि सगळ्यांना त्यावरच बोलायचं होतं.

"पंधराशे रुपये फुकट. आता बघा, भांडीवाल्या मिळतात का."

"आमची तर महिन्यात चार खाडे करायला लागली."

"आणि हे आपल्या टॅक्समधून हो."

मी म्हणालो, पंधराशे रुपयांत भांडी सोडता येत असतील तर आपण भांड्यांचे देतो किती, हे बघायला हवं. हशा झाला. विनोद म्हणूनच घेतलं त्यांनी. मग मी टॅक्सवर बोललो, आणि बोलायला नको होतं. म्हणालो, मावशी साबण घेतात त्यावर जीएसटी भरतातच की. आणि २०२५च्या बजेटने बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर सोडला, तेव्हा आपण पेढे वाटले, त्याला कोणी फुकट म्हणालं नाही. एक सभासद शांतपणे म्हणाले, "ते आपण कमावलेलं आहे." यावर काय बोलणार? लाडकी बहीण योजनेत सरकारी नोकरीतल्या दोन हजारांहून जास्त बायकांनी पैसे घेतल्याचं निघालं होतं, तेही पेपरात सगळ्यांनी वाचलेलं. पण "सरकारी नोकरदार बायका अशाच" असं त्या टेबलाशी कोणी म्हटलं नाही. तशा नोकरीतल्या दोघी तिथेच बसल्या होत्या. दोघींनीही अर्थातच काही घेतलेलं नव्हतं. त्यांच्याबद्दल तसं मनात आणणंही चमत्कारिक वाटलं असतं. भांडीवालीबद्दल मनात आणणं कुणालाच चमत्कारिक वाटलं नाही.

चर्चा सव्वा तास चालली. शेवटी तडजोड निघाली: पाचशे रुपयांच्या आतली वस्तू असेल तर चिठ्ठी नको. यावर कोणीतरी विचारलं, की जुन्या साडीची किंमत कोणी ठरवायची? ठरलं असं, की वॉचमनने अंदाजे ठरवायची. मी तेही इतिवृत्तात लिहिलं. खाली सही केली.

मावशींना सांगितलं तर त्यांनी ऐकून घेतलं. "म्हंजे चिठ्ठी हाय का न्हाई?" मी म्हणालो, "आहे, पण कमी." त्या हसल्या. त्यांच्याकडून मला मिळालेलं हे पहिलं मनापासूनचं हसू असावं, आणि ते माझ्यावर होतं.

गणपतीनंतर बायकोने तिचं शिलाई मशीन काढायचं ठरवलं. पायाचं, लोखंडी स्टँडचं, लग्नात आलेलं. डोळ्यांनी आता दोरा ओवता येत नाही. मावशींच्या सुनेला शिवण येतं. बायको म्हणाली, "घेऊन जा, मावशी."

"किती द्यायचे?"

"अहो, काही नको."

"फुकट नको वहिनी. फुकटचं म्हटलं की मशीन बिघडलं तरी बोलता येत नाही." मग दोघींची घासाघीस झाली, उलटी. बायको भाव खाली आणत होती, मावशी वर नेत होत्या. दोन हजारांवर तुटलं. हजार आत्ता, हजार पुढच्या महिन्यात. पगारातून कापून घेऊ का असं बायकोने विचारलं तर, नको, पगार पगाराच्या जागी, म्हणाल्या. पहिले हजार त्यांनी पदराच्या गाठीतून नाही, फोनवरून दिले. टिंग वाजलं.

मावशींचा मुलगा टेम्पो घेऊन आला. मशीन उतरवायला मीही खाली गेलो. चिठ्ठी माझ्या खिशात होती. छापील ओळीत "दिलेल्या वस्तूचं वर्णन" असं आहे. त्यातलं "दिलेल्या" मी खोडलं आणि वर "विकत घेतलेल्या" लिहिलं. पेनाचा जोर जरा जास्तच लागला असावा, कागद थोडा फाटला.

वॉचमनने चिठ्ठी उजेडात धरली. "काका, विकत कोणी घेतलं?"

"यांनी."

त्याने रजिस्टर उघडलं, रकान्यांवरून बोट फिरवलं. विकत घेतलेल्याचा रकाना नव्हता. मग "दिलेली वस्तू" याखाली "शिलाई मशीन, नग १" असं लिहून त्याने मोकळा श्वास सोडला. मावशी बघत होत्या, बोलल्या नाहीत. मशीन टेम्पोत चढलं, मुलाने दोरीने आवळलं. मावशी पुढे बसायला निघाल्या आणि सवयीने त्यांनी पारदर्शक पिशवी उंच धरली. डबा, छत्री, चष्म्याचं घर. आणि मशीनच्या तेलाची छोटी बाटली, अर्धी भरलेली, बायकोने निघताना हातात ठेवलेली.

"ही?" वॉचमनने विचारलं.

ती चिठ्ठीत लिहायची राहिली होती.

"पाचशेच्या आत आहे रे ती," मी म्हणालो.

त्याने बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काका, अंदाज मला करायचाय ना? मला तेलाचा भाव माहीत नाही. उद्या कोणी विचारलं तर?"

मावशींनी टेम्पोचं दार परत उघडलं आणि खाली उतरून केबिनपाशी, नेहमीच्या जागी, उभ्या राहिल्या. मी पुस्तक आणायला वर निघालो. लिफ्ट सातव्या मजल्यावर अडकली होती.